चिठ्ठीला वशिला नसतो

ज्यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रात झाले, त्यांना विज्ञानाची प्रयोगवही आठवत असेल. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. एका पानावर पेन्सिलीने काढलेली आकृती, समोरच्या पानावर शाईने मजकूर. अनुमान आधी लिहून ठेवायचे आणि निरीक्षण त्याला जुळवून घ्यायचे, ही कलाही वर्गात बऱ्याच जणांना अवगत असे! ते असो. पण त्या वहीने आपल्या मनात एक समजूत पक्की केली. वैज्ञानिक पद्धत म्हणजे पाच मथळ्यांची कोरडी शिस्त. बरे-वाईट, न्याय-अन्याय हे विषय तिच्या कक्षेबाहेरचे, ते कीर्तनात नाहीतर आजीच्या गोष्टीत ऐकायचे.

मला तसे वाटत नाही. निदान वैद्यकात तरी ही पद्धत एका नैतिक प्रश्नापाशी येऊन थांबते आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. एखाद्या औषधाला गुण आहे की नाही हे कळायचे असेल, तर ते काही जणांना न देऊन पाहावे लागते. मग ते कोणाला द्यायचे नाही? आणि हे ठरवायचे कोणी?

कोकणातले उदाहरण घेऊ. पूर्वी गावोगाव विंचू 'उतरवणारा' एखादा माणूस असे. तो मंत्र म्हणे, झाडपाला बांधी, आणि बहुतेक माणसे दुसऱ्या दिवशी कामाला लागत. तो लबाड असेच असे नाही. मंत्र म्हटला आणि माणूस बरा झाला, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिलेले असे. त्याला दिसत नव्हते ते इतकेच, की बहुतेक विंचूदंश मंत्र न म्हणताही दिवसाभरात उतरतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ!

आपल्या न्यायशास्त्रात यासाठी नेमके शब्द आहेत. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय संबंध पक्का मानायचा नाही. विंचू उतरवणाऱ्याजवळ अन्वयाचा ढीग होता, व्यतिरेक एकही नव्हता. आम्हा डॉक्टरांनी त्याला हसण्याचे कारण नाही. युरोपातले नामांकित वैद्य शतकानुशतके प्रत्येक तापावर शीर कापून रक्त काढत राहिले, ते याच अन्वयाच्या जोरावर. आजही रुग्ण बरा होऊन पेढे घेऊन आला की तो आमच्या लक्षात राहतो. जो परत आलाच नाही तो कोणाच्या हिशेबात नसतो. 'माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे' हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी आले की मी म्हणूनच जरा सावध होते.

नैयायिकांना व्यतिरेकासाठी तळ्याकडे बोट दाखवले की पुरत असे. तळ्यात अग्नी नाही, तळ्यावर धूर नाही, संपले. वैद्यकातला व्यतिरेक मात्र माणूस असतो. तोही आजारीच असतो, आणि त्याचीही कोणीतरी बाहेर बाकावर वाट पाहत असते.

इंग्रजी पुस्तकांत या कथेची सुरुवात जेम्स लिंडपासून करतात. १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या त्याने सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. ब्रिटिश आरमाराने सगळ्यांना लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडले, तेव्हा पद्धत सापडली म्हणजे लोक ती ऐकतात असे नाही. पण मला यापेक्षा आपल्याकडची गोष्ट अधिक बोलकी वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. त्यानंतर काही दिवसांतच वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना नाही, आणि लस घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला.

या प्रयोगावर दोन आक्षेप येतात, आणि मजा अशी की एक पद्धतीचा आहे तर दुसरा नीतीचा. पहिला असा की जो माणूस आपण होऊन पुढे येतो, तो न येणाऱ्यासारखा असतोच असे नाही. कदाचित तो अधिक धट्टाकट्टा असेल, अधिक काळजी घेणारा असेल. मग लसीचा गुण कोणता आणि माणसाचा कोणता? दुसरा आक्षेप असा की तुरुंगातल्या माणसाच्या 'हो'ला किती अर्थ आहे? बाहेर परिस्थिती काय होती तेही आठवा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोरे शिपाई घराघरांत, माजघरापर्यंत घुसत होते, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी सुईपुढे आपखुशीने दंड करणारी माणसे त्या दिवसांत थोडीच असणार.

पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, बडोदे संस्थानातल्या उंढेरा या गावी हाफकिन यांनी पहिल्या आक्षेपाला उत्तर शोधले. गावात प्लेग होता. त्यांनी कुटुंबवार माणसे गोळा केली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. एकच घर, एकच छप्पर, तेच धान्य आणि तेच उंदीर. फरक फक्त लसीचा. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांचा हिशेब असा: लस घेतलेले ७१ जण, त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. लस न घेतलेले ६४ जण, त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले.

हे आकडे मी विद्यार्थ्यांना दाखवते तेव्हा ते म्हणतात, वा, काय स्वच्छ निकाल आहे! निकाल स्वच्छ आहेच. पण ते सव्वीस जण म्हणजे त्याच घरांतली माणसे होती. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचा दंड पुढे झाला आणि दुसऱ्याचा नाही. आज परळला हाफकिन यांच्या नावाची मोठी संस्था आहे आणि त्यांच्या लसीने पुढे असंख्य जीव वाचवले. आपण जे वाचलो, आपले पणजोबा ज्या साथीतून सुटले, त्याचा पाया अशा व्यतिरेकांवर उभा आहे. त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही.

उंढेऱ्याच्या प्रयोगातही एक फट राहते. घरातले कोणते निम्मे? निवड माणसाच्या हातात आली की मन लुडबुड करते. कोणी नकळत सशक्ताला पुढे करील, कोणी लाडक्याला. ही फट बुजवण्याची युक्ती शेतात सापडली, आणि तीही आपल्यापासून फार लांब नाही. एजवेअरहून उत्तरेला हार्पेंडेन गाव आहे, तिथल्या रोथॅमस्टेड शेतकी केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ पासून काम करीत होते. कोणते खत चांगले हे ठरवायचे तर जमिनीचा कस जागोजागी वेगळा. शेतकरी चांगल्या वाफ्यात आवडते खत घालणार आणि मग पीक खतामुळे आले की मातीमुळे, हे कळणार नाही. फिशर म्हणाले, कोणत्या वाफ्यात काय घालायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठीला माती कळत नाही. (साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला आले, त्याच वर्षी फिशर तिथे प्राध्यापक झाले. सुखात्म्यांनी पुढे भारतातल्या पिकांच्या मोजणीत आणि नंतर जगाच्या अन्नप्रश्नात जे काम केले, तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

वाफ्यांच्या बाबतीत चिठ्ठी टाकणे सोपे. माणसांच्या बाबतीत ते धाडस ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी केले. हे स्वतः तरुणपणी क्षयाने अंथरुणाला खिळलेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत सापडले होते. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलर नव्हते, त्यामुळे औषध अगदी थोडे आले. क्षयाचे रुग्ण हजारो. ते थोडे औषध कोणाला द्यायचे?

ज्याची वरपर्यंत ओळख आहे त्याला, हे एक उत्तर होते, आणि ते नेहमीच असते. 'ॲनिमल फार्म' लिहिणारे जॉर्ज ऑर्वेल यांना १९४८ साली मित्राच्या खटपटीने अमेरिकेहून औषध मिळाले. ते त्यांना सोसले नाही, थांबवावे लागले, आणि जानेवारी १९५० मध्ये ते गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या घरातला माणूस असता तर आपणही सगळे फोन फिरवले असते.

हिल आणि मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसरे उत्तर दिले. दोन्ही फुफ्फुसांत वेगाने पसरणारा क्षय असलेले, ज्यांना त्या काळी अंथरुणात विश्रांती घेण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता, असे १०७ तरुण रुग्ण निवडले. कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरले. पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरलाही ते ठाऊक नसे. एक्स-रे वाचणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला ते सांगितले जात नसे. ज्या रुग्णालयांत हे झाले त्यांत एक होते कॉलिंडेलचे. एजवेअरहून नॉर्दर्न लाइनने निघालात तर दुसरे स्टेशन. ते रुग्णालय १९९६ मध्ये बंद झाले, तिथे आता फ्लॅट्स उभे आहेत, आणि त्यांत आपली बरीच मराठी कुटुंबेही राहतात.

सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले होते, न मिळालेल्या ५२ पैकी १४. निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. यात अन्याय झाला का? औषध सर्वांना पुरेल इतके असते आणि त्याचा गुण सिद्ध असता, तर निःसंशय झाला असता. पण दोन्ही गोष्टी नव्हत्या. जिथे द्यायला पुरेसे नाही आणि ज्ञानही नाही, तिथे चिठ्ठीइतका निःपक्षपाती न्यायाधीश मला तरी दुसरा दिसत नाही. तिच्याकडे वशिला चालत नाही. ती जात, हुद्दा, इंग्रजीचा उच्चार, काही पाहत नाही. मात्र एक गोष्ट खटकते, आणि ती झाकून ठेवू नये: ज्यांच्या वाट्याला नुसती विश्रांती आली, त्यांना आपण एका चाचणीत आहोत हे सांगितलेच नव्हते. त्या काळची रीत तशी होती, हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्याच रुग्णांची पाच वर्षांनी मोजदाद केली तेव्हा औषध मिळालेल्यांतले ३२ आणि न मिळालेल्यांतले ३५ जण गेलेले होते. जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. पहिल्या निकालावर खूष होऊन सगळे थांबले असते तर हे कळले नसते. एकाच वेळी दोन-तीन औषधे द्यायची, हा आजचा क्षयोपचार त्यातून उभा राहिला. त्यानंतर १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने आणखी मोठा प्रश्न चिठ्ठीवर टाकला: सॅनिटोरियममध्ये ठेवायचे की घरीच गोळ्या द्यायच्या? १९५९ साली उत्तर आले की गोळ्या नियमित घेतल्या तर घरीही जवळपास तितकाच गुण येतो आणि घरच्यांना धोका वाढत नाही. मी मिरजेला शिकले. शेजारी वानलेसवाडीचे जुने क्षयरुग्णालय. तिथे माणूस महिनोन्महिने ठेवण्यासाठी जमिनी गहाण टाकलेल्यांच्या कथा आम्ही वयस्कर परिचारिकांकडून ऐकत असू. मद्रासच्या त्या चिठ्ठ्यांनी किती एकर जमीन वाचवली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मग चिठ्ठी नेहमीच टाकायची का? नाही. ती फक्त 'खरोखरच माहीत नाही' या अवस्थेत शोभते. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या गरीब काळ्या पुरुषांना नुसते 'निरीक्षणाखाली' ठेवले गेले, पेनिसिलीनचा गुण जगाला माहीत झाल्यावरसुद्धा. तिथे अज्ञान उरले नव्हते, उरला होता फक्त निर्दयपणा.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या महाडचे आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाचा दंश नेहमी आपोआप उतरत नाही, काही जणांचे, विशेषतः मुलांचे, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, उलट्या होतात आणि शेवटी फुफ्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी खाटेशेजारी रात्र-रात्र बसून, नाडी आणि रक्तदाब टिपून नोंदवले. १९८२ मध्ये ते निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आले. विषामुळे शरीरात अड्रीनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. मग त्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन का देऊ नये? त्यांनी दिले. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्यापर्यंत खाली आले. तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. डोळ्यांदेखत मुले वाचत असताना निम्म्यांना गोळी नाकारणे हे पद्धतीत बसले असते, माणुसकीत नाही.

पण पुढे हाफकिन यांच्याच नावाच्या कंपनीने बनवलेली विंचवाची प्रतिविष लस हाताशी आली. प्राझोसिनच्या जोडीला तिचा उपयोग आहे का, हे मात्र खरोखरच माहीत नव्हते. तेव्हा बावस्कर पती-पत्नींनी चिठ्ठ्या टाकल्या. सत्तर रुग्ण, प्राझोसिन सर्वांना, लस निम्म्यांना. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: लस मिळालेल्या ३५ पैकी ३२, न मिळालेल्या ३५ पैकी ८. हे २०११ साली 'बीएमजे'मध्ये छापून आले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. इथेही व्यतिरेक माणूसच होता, पण त्याच्या हातात सिद्ध झालेले औषध आधीच ठेवलेले होते. तालुक्याच्या गावी एवढा विवेक सांभाळलेला पाहून मला मराठी असल्याचा जो अभिमान वाटतो, तो ढोल-ताशांच्या गजरात वाटणाऱ्या अभिमानापेक्षा जरा वेगळा असतो.

करोनाच्या साथीत हाच प्रश्न आपल्या सगळ्यांच्या दारात आला. मार्च २०२० मध्ये ब्रिटनभरच्या रुग्णालयांत 'रिकव्हरी' नावाची चाचणी सुरू झाली. आता पाकिटाऐवजी संगणक. कोणाला डेक्सामेथॅसोन, कोणाला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, कोणाला नुसते नेहमीचे उपचार. त्या दिवसांत भारतातून नातेवाईक आग्रहाने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुचवत होते. जूनमध्ये कळले की रुग्णालयातल्या रुग्णांना त्याचा काही फायदा नाही. उलट स्टेरॉइड दिले तर विषाणू फोफावेल अशी अनेक जाणत्या डॉक्टरांना भीती होती. १६ जूनला कळले की जुने, स्वस्त डेक्सामेथॅसोन व्हेंटिलेटरवरच्या दर आठ जणांमागे एकाचा जीव वाचवते, आणि ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना मात्र त्याचा फायदा नाही. अनुभवाच्या जोरावर यातले एकही उत्तर कोणाला नक्की सांगता आले नसते.

माझ्या वॉर्डातले एक मराठी गृहस्थ त्या चाचणीत होते. संगणकाने त्यांना 'नेहमीचे उपचार' या गटात टाकले. पुढे ते व्हेंटिलेटरवर गेले आणि मे महिन्यात वारले. त्यांच्या मुलाच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतकेच लिहिते आहे. बातमी आली त्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"डॉक्टर, बाबांना ते औषध मिळालं असतं तर?"

"आठांमागे एक," मी म्हणाले. "तो एक तेच असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

"आणि त्या दिवशी माहीत नव्हतं."

"नव्हतं. काहींना वाटत होतं फायदा होईल, काहींना वाटत होतं अपाय होईल."

"आता सगळ्यांना देता?"

"ज्यांना ऑक्सिजन लागतो त्या सगळ्यांना. मंगळवारपासून."

तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "सही बाबांनी स्वतःच केली होती ना?"

"हो. आधी मी त्यांना सगळं मराठीत सांगितलं होतं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि मग चष्मा मागून घेऊन सही केली."